हिवाळी पाहुणे : खिडकीतून आणि रोजच्या फेरीत दिसणारे पक्षी

टेकडीकर

दिवाळी आटोपली आणि पहाटे पंखा बंद करावासा वाटू लागला, की पुण्यातल्या पक्षिनिरीक्षकांच्या गप्पा आपसूक भिगवणकडे वळतात. उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित (फ्लेमिंगो) आले का, पट्टकादंब (डोक्यावर पट्टे असलेले हंस) कधी उतरणार, कुंभारगावात होडी कोणाची घ्यावी, या चौकश्या सुरू होतात आणि पुढे तीन-चार महिने संपत नाहीत. त्यात गैर काहीच नाही. मात्र सोलापूर रस्त्याने शंभर किलोमीटर गाडी हाकणाऱ्यांपैकी अनेकांना स्वतःच्या इमारतीच्या मागच्या भिंतीवर ऑक्टोबरपासून मुक्कामाला असलेला पाहुणा ठाऊक नसतो, असे मी वारंवार पाहिले आहे. म्हणून या धाग्याचा विषय मुद्दाम लहान ठेवतो. गच्ची, बाल्कनी, सोसायटीचे आवार आणि घरातून सहज गाठता येईल अशी टेकडी, तळे किंवा नदीकाठ, एवढ्या परिघात हिवाळ्यात कोण दिसते आणि ते पाहण्यासाठी काय करावे, इतकेच बोलू. मी वेताळ टेकडीच्या पायथ्याशी राहतो, त्यामुळे माझी उदाहरणे तिथली असतील. इतरांनी आपापल्या गावची घालावीत.

एक गोष्ट सुरुवातीलाच आग्रहाने मांडतो. हिवाळा आणि पक्षी म्हटले की झाडाला टांगलेली दाण्यांची भांडी डोळ्यांपुढे येतात, कारण युरोप-अमेरिकेतली छायाचित्रे आपण सतत पाहत असतो. तिथे जमीन बर्फाखाली जाते, अन्न मिळेनासे होते आणि मागे राहिलेल्या पक्ष्यांना दाण्यांचा खरोखर आधार होतो. आपल्याकडे येणारे बहुतेक लहान पाहुणे नेमके अशा थंडीतून निघून आलेले असतात आणि ते किडे खाण्यासाठी येतात. धोबी, थिरथिरा, माशीमार, वटवटे यांच्यापैकी कोणीही तुमच्या बाजरीकडे ढुंकून पाहणार नाही. त्यांना हवा असतो तो माळीबुवांनी न झाडलेला पालापाचोळा, औषध न फवारलेली झुडपे आणि कुठेतरी ठिबकणारा नळ. आवाराचा एखादा कोपरा अस्ताव्यस्त राहू दिला तर हिवाळ्यात त्याची परतफेड होते, आणि याच एका मुद्द्यावर सोसायटीच्या बैठकीत वाद घालायची माझी तयारी असते.

पहिला येतो करडा धोबी. पाऊस अजून रेंगाळत असतानाच, सप्टेंबरमध्ये, हिमालयातून उतरलेला हा पक्षी ओल्या गच्चीवर किंवा पाण्याच्या टाकीच्या गळतीपाशी शेपूट वर-खाली हलवत चालताना दिसतो. पाठ राखी, पोटाखालचा भाग पिवळा आणि उडताना 'चिट्-चिट्' असा धातूवर आपटल्यासारखा आवाज, एवढ्या खुणा पुरतात. पाठोपाठ पांढरा धोबी येतो, पण त्याला मोकळे गवत लागते, म्हणून तो क्रीडांगणावर किंवा शाळेच्या पटांगणावर शोधावा. वर्षभर इथेच राहणारा मोठा धोबी आकाराने थोराड असतो आणि त्याची काळी पाठ व डोळ्यावरची ठळक पांढरी भुवई पाहिली की घोटाळा होत नाही.

ऑक्टोबरात कृष्ण थिरथिरा दाखल होतो. नराचे डोके, पाठ आणि छाती काजळी काळी, पोट व शेपटी तांबूस नारिंगी. तो कठड्यावर, वातानुकूलन यंत्राच्या बाहेरच्या पेटीवर किंवा बांधकामाच्या विटांच्या ढिगावर बसतो, एकदा झटकन मान खाली घालून वर येतो आणि मग शेपटीला अशी थरथर सुटते की ती थांबेपर्यंत नजर हलत नाही. एकदा जागा पसंत पडली की तो मार्चपर्यंत तिथेच राहतो आणि दुसरा थिरथिरा आला तर त्याला हुसकावून लावतो.

लाल छातीच्या माशीमाराची गोष्ट मला सर्वांत नवलाची वाटते. पूर्व युरोप आणि पश्चिम रशियाच्या जंगलांत वाढलेला हा चिमणीपेक्षाही लहान जीव दक्षिणेला आफ्रिकेकडे न जाता पूर्वेकडे वळून आपल्या आंब्याच्या सावलीत येऊन थांबतो. तो दिसण्याआधी ऐकू येतो. दाट पानांतून 'टिर्र्र' असा बारीक, कोरडा आवाज आला की पाच मिनिटे स्थिर उभे राहावे. शेपूट झटक्याने वर उचलताना तिच्या मुळाशी दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके चमकतात, आणि ओळख पटायला तेवढे पुरेसे असते, कारण गळ्यावरचा नारिंगी रंग फक्त प्रौढ नराला असतो.

वेळेविषयी थोडेसे. डिसेंबरअखेर पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, पण किडे उन्हाने गरम झाल्याशिवाय हलत नाहीत. त्यामुळे कीटकभक्षी पक्षी पाहण्यासाठी अंधारात उठण्याची गरज नसते. आठ ते साडेनऊ या वेळात ज्या झाडाच्या शेंड्यावर पूर्वेचे ऊन आधी पडते, त्या झाडाखाली उभे राहावे. नोकरदारांसाठी ही सवलतच आहे.

नवशिका

टेकडीकर, फार उपयुक्त लेखन. आमच्या बाल्कनीसमोरच्या भिंतीवर रोज एक मातकट तपकिरी पक्षी येतो, त्याच्या शेपटीकडे तांबूस छटा आहे. शेजारच्या काकू त्याला चिरक म्हणतात, तर माझ्या भ्रमणध्वनीतले ॲप त्याला थिरथिऱ्याची मादी ठरवते. कोणाचे ऐकावे? शिवाय दुर्बीण घ्यायची आहे. दुकानदार जास्तीत जास्त मोठे दिसणारी घ्या असे सांगतो आहे.

टेकडीकर

शेपटी कोणत्या रंगाची आहे यापेक्षा ती काय करते आहे ते पाहा. चिरकाची शेपटी काळपट असते, तांबूस रंग फक्त तिच्या खाली, बुडाशी असतो, आणि ती शेपटी बहुधा पाठीवर उभी धरलेली असते. थिरथिऱ्याच्या मादीची शेपटीच तांबूस नारिंगी असते, ती खाली राहते आणि थरथरते. उडताना तो रंग पंख्यासारखा उलगडतो. आणखी एक कसोटी म्हणजे दिनदर्शिका. तोच पक्षी मे महिन्यातही भिंतीवर दिसला, तर काकूंचे बरोबर, कारण चिरक बाराही महिने इथला आहे. छायाचित्रावरून ओळख पटवणारी ॲप उपयोगी आहेत, पण ती सुचवतात आणि ठरवायचे आपण असते. आवाजावरून ओळखणाऱ्या ॲपविषयी तर विशेष सावध राहावे. आमच्याकडचा दयाळ इतरांच्या इतक्या नकला करतो की ॲप त्याच्या एकट्याच्या गाण्यावरून भलतीच यादी काढून देते.

दुर्बीण ८ × ४२ घ्यावी. यातील पहिला आकडा किती पट मोठे दिसेल ते सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. दहा पट किंवा त्याहून अधिक मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीत हाताचा कंपही तितकाच मोठा होतो आणि दृष्टिक्षेत्र आक्रसते, त्यामुळे पानांत उड्या मारणारा वटवट्या सापडेपर्यंत निघून गेलेला असतो. तळ्याकाठी लांबची बदके पाहायची असतील तर दहा पट ठीक आहे, पण तुमच्या बाल्कनीला आठ भरपूर झाली.

गच्चीबाग

दाण्यांविषयी आपण जरा कठोर झालात. मी गच्चीवर बाजरी आणि तांदळाच्या कण्या ठेवते आणि माझ्याकडे चिमण्या तर येतातच, शिवाय ठिपकेवाल्या मुनियाही येतात. घरातल्या आजारी माणसाला खिडकीतून तेवढीच सोबत होते. सगळ्यांना टेकडीवर जाता येत नाही.

टेकडीकर

सोबतीचा मुद्दा पूर्णपणे मान्य आहे, आणि चिमण्या-मुनियांसाठी थोडे दाणे ठेवण्यास माझा विरोधही नाही. अडचण पारव्यांची आहे. शहरात उघड्यावर दाणे पडले की पहिल्या आठवड्यात चिमण्या येतात आणि महिन्याभरात पारवे त्यांना बाजूला सारतात. पारव्यांच्या सुकलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना घातक ठरू शकते, आणि घरात आजारी माणूस असेल तर हा धोका अधिकच गांभीर्याने घ्यायला हवा. मुंबईतल्या कबुतरखान्यांचा वाद २०२५ मध्ये थेट उच्च न्यायालयात गाजला तो याच कारणाने. दाणे ठेवायचेच असतील तर मूठभर, सकाळीच, आणि पारव्याला बसता येणार नाही अशा अरुंद टांगत्या भांड्यात ठेवावेत व ते भांडे वरचेवर धुवावे.

तरीही माझी शिफारस पाण्याची आहे. पसरट मातीची परळ, पाण्याची खोली बोटाच्या दोन पेरांपेक्षा जास्त नको, मध्ये एक खडबडीत दगड, आणि पाणी रोज बदललेले. दाणे न खाणारे पक्षीही पाण्यावर येतात. बुलबुल, चष्मेवाला आणि शिंजीर तर आंघोळीला येतातच, पण शेजारी झुडूप असेल तर सहसा दर्शन न देणारा वटवट्याही दुपारी उतरतो. तुमची बागच असल्याने आणखी सुचवतो : कुंड्यांत कोरांटी आणि अडुळसा लावून पाहा. दोन्ही थंडीत फुलतात आणि शिंजिरांना मध पुरवतात. आवारातल्या आंब्यावर बांडगूळ असेल तर ते सगळेच्या सगळे काढू देऊ नका. फुलटोचा त्याची फळे गिळतो आणि चिकट बी बुडाला लोंबू लागले की फांदीवर बूड घासून ते पुसून टाकतो. हा प्रकार पहिल्या मजल्यावरून अगदी जवळून पाहता येतो.

बार्शीकर

शहरातल्या मंडळींच्या यादीत भोरडी (गुलाबी मैना) राहिली, म्हणून लिहितो. आमच्याकडे हिवाळ्याचा पक्षी म्हणजे भोरडी. पावसाळा संपण्याआधीच पहिले थवे दिसू लागतात, पण खरी गाठ पडते ती रब्बीच्या ज्वारीत दूध भरू लागल्यावर. सूर्य वर आला की आभाळात एक काळसर चादर सरकल्यासारखी दिसते, ती एकदम वळते, वाकडी होते आणि पाहता पाहता कणसांवर उतरते. माळ्यावर उभा असलेला राखणदार गोफण फिरवतो, खडा सुटताना गोफणीच्या शेंड्याचा फटाक्यासारखा आवाज होतो आणि अख्खा थवा उठून शेजाऱ्याच्या रानात बसतो. मग शेजारी ओरडू लागतो. गोफण चालवणारी माणसे आता कमी झाली आहेत. ठिकठिकाणी रंगीत चकाकत्या फिती आणि डबे बांधलेले दिसतात.

आम्ही शेतकरी तिला शिव्या देतो हे खरे आहे, पण तिच्याकडून पिकाला होणारा फायदाही लक्षात घ्यावा. ती टोळ आणि नाकतोडे मोठ्या प्रमाणावर खाते. तिच्या विणीच्या प्रदेशात, चीनच्या शिनजियांगमध्ये, टोळ आटोक्यात राहावेत म्हणून तिच्यासाठी मुद्दाम दगडांचे ढीग रचून घरट्यांची सोय केली जाते. तिथली मदतनीस आमच्याकडे येऊन हुरड्याला हात घालते. निदान ज्वारी निघाल्यावर, पळस आणि पांगारा फुलतात तेव्हा, हीच भोरडी लाल-केशरी फुलांत गुलाबी अंगाने बसलेली पाहावी. तेव्हा तिच्यावर रागावणे अवघड जाते.

खाडीकाठ

ठाण्याहून लिहिते आहे. आमच्याकडे दाण्यांच्या जागी शेव-गाठ्या आहेत. खाडीवर आणि मुंबईच्या किनाऱ्यांवर नोव्हेंबरपासून कुरव (सीगल) येतात आणि पुलावरून, होडीतून लोक त्यांना तळलेले, खारट पदार्थ फेकतात. छायाचित्रे छान येतात, म्हणून ही प्रथा वाढतच चालली आहे. कुरव मुळात मासे, किडे आणि किनाऱ्यावर पडलेले काहीही खाऊन जगणारा पक्षी आहे. त्याला आपल्या फरसाणाची गरज नाही.

शेव न फेकताही कुरव पाहण्यात गंमत आहे. काळ्या डोक्याचा कुरव म्हणून आपण पाहायला जावे तर हिवाळ्यात त्याचे डोके पांढरे असते आणि डोळ्यामागे फक्त एक काळा ठिपका असतो. तपकिरी डोक्याचा कुरवही त्याच्यासारखाच दिसतो, फक्त पंखाच्या काळ्या टोकाजवळ पांढरे डाग असतात. मार्च उजाडला की दोघांची डोकी गडद होऊ लागतात, आणि नावाप्रमाणे दिसू लागले की थोड्याच दिवसांत ते उत्तरेकडे निघून जातात. शाळेतून मुलीला आणताना पुलावर पाच मिनिटे थांबून हा बदल आम्ही दोघी पाहतो. त्यासाठी दुर्बीणही लागत नाही.

नदीकाठ

लोणी काळभोरच्या अलीकडे कवडीपाट येथे मुळा-मुठेच्या जुन्या बसक्या पुलावरून हिवाळ्यात जे दिसते ते पुण्याच्या जवळपास इतक्या सहज क्वचितच दिसते. चक्रवाकांच्या जोड्या, थापट्या, तलवार बदके, चक्रांग, लांब लाल पायांचे शेकाटे, सतत मागचे अंग हलवणाऱ्या तुतवारी, आणि वरून दलदली भोवत्या या शिकारी पक्ष्याने घिरटी घातली की एकाच वेळी उडणारे सगळे. मात्र तिथे नाकाला रुमाल लावावा लागतो. शहराचे सांडपाणी त्याच पात्रातून जाते आणि पाण्यावर फेस तरंगत असतो. प्रश्न असा आहे की इतक्या घाण पाण्यात हे पक्षी येतातच कसे, आणि ते येतात याचा अर्थ पाणी तितके वाईट नाही असा घ्यावा का?

टेकडीकर

असा अर्थ घेऊ नये. सांडपाण्यात सेंद्रिय पदार्थ भरपूर असतात, त्यांवर चिलटांच्या अळ्या आणि इतर सूक्ष्म जीव पोसले जातात. थापट्याची पसरट चोच हे बारीक खाद्य गाळून घेण्यासाठीच घडलेली आहे. चोचीच्या कडांना कंगव्यासारखे दाते असतात, त्यातून पाणी बाहेर जाते आणि खाद्य आत राहते. गाळात चोच खुपसणाऱ्या तुतवारींचेही भागते. म्हणजे मोजक्या जातींना अशा पाण्यात मेजवानी मिळते आणि स्वच्छ पाण्यात मासे पकडणारे दुसरीकडे जातात. संख्येपेक्षा कोण दिसेनासे झाले याची यादी नदीविषयी जास्त सांगते. नदीसुधारणेच्या चर्चेत दोन्ही बाजू पक्ष्यांची छायाचित्रे दाखवतात, तेव्हा हे ध्यानात ठेवावे. काठ दगड-सिमेंटने बांधून पाणी स्वच्छ केले, तर थापट्याही जाईल आणि मासे धरणाराही येणार नाही, कारण दोघांनाही उथळ, चिखलाचा, गवताळ काठ लागतो.

उजनीचेही असेच आहे. पाऊस चांगला झाला आणि धरण काठोकाठ भरले, की रोहित उशिरा येतात. पाणी ओसरून दलदल उघडी पडली की मगच त्यांची गर्दी होते. भिगवणला डिसेंबरात जाऊन हात हलवत परतणाऱ्यांनी निघण्यापूर्वी धरणातला पाणीसाठा पाहावा.

येवलेकर

विषयाला धरूनच, पण थोडे वेगळे. संक्रांत जवळ आली की आमच्या गावात आभाळ पतंगांनी भरते आणि तो आमचा अभिमानाचा सण आहे. नायलॉन मांजावर बंदी असूनही तो मिळतो आणि सणानंतर कितीतरी दिवस झाडांत, तारांत लोंबत राहतो. घारी, बगळे, घुबडे त्यात अडकतात. पहाटे आणि सायंकाळी पक्ष्यांची ये-जा सर्वाधिक असते, तेवढी वेळ पतंग उडवू नये, असे आम्ही काही जण गल्लीत सांगत असतो.

जखमी पक्षी सापडला तर काय करावे हे इथे लिहून ठेवतो. मांजा ओढू नये. पक्ष्याच्या दोन्ही बाजूंना दोरा कापावा आणि जखमेत रुतलेला भाग तसाच ठेवावा. पक्ष्यावर सुती कापड टाकून त्याला हलकेच उचलावे, भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावे आणि खोके अंधाऱ्या, शांत जागी न्यावे. चोच उघडून पाणी ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाते. हळद तर मुळीच चोळू नये. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. शिकारी पक्षी असेल तर चोचीपेक्षा त्याच्या नखांना जपावे.

गच्चीबाग

येवलेकर, ही माहिती छापून आमच्या फलकावर लावते. टेकडीकर, परळ ठेवली आहे आणि आज दुपारी चष्मेवाल्यांनी एकमेकांना ढकलत आंघोळ केली. आता एक विचारते : फेब्रुवारीत पक्षी मोजण्याचा जो जागतिक उपक्रम असतो, त्यात आमच्यासारख्या घरी बसणाऱ्यांना भाग घेता येतो का? आणि पारवेही मोजायचे का?

टेकडीकर

तो उपक्रम मुळात घरच्या परसातले पक्षी मोजण्यासाठीच सुरू झाला, त्यामुळे नक्की घेता येतो. 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' फेब्रुवारीच्या मध्यास शुक्रवार ते सोमवार असे चार दिवस असतो आणि भारतातून २०१३ पासून त्यात नोंदी जात आहेत. किमान १५ मिनिटे एका जागी बसून जे दिसेल किंवा ऐकू येईल ते ओळखून, मोजून 'ई-बर्ड' या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर भरायचे असते. पारवे आणि कावळे अवश्य मोजावेत. आज सामान्य वाटणाऱ्या पक्ष्याची संख्या उद्या घटली, तर ते कळायला आजचा आकडा हवा. नीलपंख एकेकाळी रस्त्याकडेच्या तारेवर हमखास दिसायचा, आणि २०२३ च्या पक्ष्यांविषयीच्या देशव्यापी अहवालात त्याची घट हा काळजीचा विषय ठरला. जो पक्षी ओळखता आला नाही तो अंदाजाने लिहू नये, नुसते 'वटवट्या' म्हटले तरी चालते.

फेब्रुवारीची वाट पाहण्याचेही कारण नाही. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली आणि सालीम अली यांच्या जन्मदिनांना जोडणारा; तिथून सुरू केलेली वही एप्रिलपर्यंत न्यावी. एक विनंती मात्र सर्वांनाच करतो. पाहुणा पहिल्यांदा दिसला की आपण लगेच तारीख लिहितो, इथे येऊन सांगतोही. तो शेवटचा केव्हा दिसला हे क्वचितच कोणी टिपून ठेवते. थिरथिरा मार्चअखेर एखाद्या सकाळी भिंतीवर नसतो आणि ते आपल्या लक्षात येते चार दिवसांनी. म्हणून मार्च लागला की 'आज दिसला' एवढी ओळ रोज लिहावी, म्हणजे यंदा आपल्या सगळ्यांच्या जाण्याच्या तारखा याच धाग्यावर शेजारी शेजारी मांडता येतील. नवशिका, तुमच्या भिंतीवरच्या मादीपासून सुरुवात करू या.